हसली की पडते

८ जानेवारी १९३३, रविवार

धाकटी बहीण यमू माहेरी, अमरावतीला, येऊन चार दिवस झाले. सासूनं अकोल्याला गाडीत बसवून दिली. सोबत एक ट्रंक आणि निरोप, "पोरीले फेफरं आहे, तुमी लग्नात लपवलं." लपवायला आम्हांला तरी कुठं ठाऊक होतं! दोन वर्षांपूर्वी इथून गेली तेव्हा धडधाकट होती.

आज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत पडली. शेवंतीच्या वाफ्यात सौ.शी बोलत होती. मान लोंबली, गुडघे वाकले, आणि पोतं घसरावं तशी खाली बसली ती आडवीच झाली. माय कांदा फोडून धावली. कांद्यानं भागेना म्हणून मोटवाल्याच्या पायातला जोडा काढून नाकाशी धरला. दोनेक मिनिटांत यमू उठली, पदर सारखा केला, पुन्हा फुलं तोडायला लागली. मायचं म्हणणं, जोड्यानं गुण आला.

माझं मत निराळं. आमच्या शाळेच्या शिपायाला फेफरं आहे, चार वेळा पाहिलंय. अंग लाकडासारखं ताठ, तोंडाला फेस, नंतर तासभर भ्रमिष्ट. यमूचं यातलं काही नाही. अंग सैल. पापण्या थरथरत होत्या. उठल्यावर लगेच भानावर. हे काहीतरी दुसरं आहे. काय आहे ते शोधून काढीन. टिपणं इथंच ठेवत जाईन.

९ जाने.

अकोल्याचं पत्र. यमूच्या सासूनं कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. होळीपर्यंत वाट पाहू, पोरगी बरी झाली तर ठीक, नाहीतर गणपतचं दुसरं करू. गणपतरावांची, म्हणजे आमच्या जावयांची, स्वतःची एक ओळ नाही. य.ला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "होळी कदी हाय?" बस, एवढंच.

म्हणजे दोन महिने. फेफरं नाही हे सिद्ध झालं तर बहिणीचा संसार वाचतो.

११ जाने.

शाळेतून आल्यावर य.ची उलटतपासणी. पडतेस त्याआधी काय होतं? उन्हात असतेस? उपाशी? रात्री जागरण? ती नुसती मान हलवते. सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "हासते तवा पडते. इतकं उघडं दिसत नाही का तुमाले?"

हसून कोणी पडतं का? मी म्हटलं, पुरावा काय. सौ. म्हणाली, "मंग हासवून पाहा."

इथंच पंचाईत. चौदा वर्षं गणित आणि शास्त्र शिकवतोय, माझ्या तासाला एकदाही कोणी हसलेलं नाही. आजवर याचा अभिमान होता.

१४ जाने. संक्रांत

प्रयोग झाला. सविस्तर लिहितो.

तीन विनोद पाठ करून गेलो होतो. एक हेडमास्तरांचा, दोन जुन्या मासिकातले. य. तीळ निवडत होती. तिन्ही नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "मंग पुढं काय झालं?" पुढं काही झालं नव्हतं, तिथं हसायचं होतं. सौ.ला राहवलं नाही. माझा चष्मा नाकावर, हातात लाटणं, आणि अगदी माझ्या आवाजात, "शांतता! पडण्याचे नियम तीन. नियम पहिला, आधी उभं राहावं." य.च्या तोंडावर हसू आलं, आलं तसंच जबडा सैल पडला, मान दोनदा डुलली, आणि तिळाच्या सुपावर कलंडली.

सौ.चं खरं ठरलं.

नाडी धरली. चालू, जरा जलद. मायला कांदा आणू दिला नाही. मग एक सुचलं. तिच्या कानाशी वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही असं, "पेरू" म्हणालो. घड्याळात सव्वा मिनिट. उठून बसली.

"यमू, मी काय म्हणालो?"

"पेरू."

मी टाळी वाजवली! बेशुद्ध नाही, मुळीच नाही, सगळं ऐकू येतं! सौ.ला हाक मारणार इतक्यात य. सांडलेले तीळ गोळा करता करता बोलली, वर न बघता. "त्या ऐतवारी बोललास तेही ऐकू आलं मले."

त्या रविवारी मी काय बोललो ते वर लिहिलेलं नाही. मुद्दाम गाळलं होतं. आता लिहितो. ती वाफ्यात पडलेली असताना सौ.ला म्हणालो होतो, "जन्मभर आपल्याच गळ्यात पडणार ही. त्यापेक्षा एकदाची विहिरीत पडली तर तीही सुटेल बिचारी."

लाज वाटते. नुसती लाज.

१५ जाने.

माफी मागायला मळ्यात गेलो. काय बोलायचं ते शाळेतल्यासारखं जुळवून गेलो होतो, सगळं विसरलो. य. म्हणाली, "जाऊ दे ना दादा. तू काय एकटाच हायेस? माय तं माह्यावर रडते, जशी मी मेलीच. आपलं कोणी बोलून राहिलं का चूप पडून राहा लागते. डोळे उघडता येत नाई, बोट हालत नाई, पण कान लय तेज होतात." आणि वर, "तेवढं जोड्याचं बंद कर. त्या वासानं जीव जाते."

दोन वर्षं जोडे हुंगवले तिला. अकोल्यात, आणि आता इथंही.

मायला सांगितलं की तिला सगळं कळतं. माय म्हणाली, "बेसुद माणसाले कसं कळन? मास्तर झाला म्हणून काईही सांगतं." जोडा मात्र बंद करवला. कांद्यावर तडजोड.

२२ जाने. रवि.

पडण्याशिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. य. दिवसा झोपते. झोपते म्हणजे काम करता करता, बसल्या जागी. आज पूर्ण पाहायला मिळालं.

बाजाराचे हार ओवत होती. दोन झेंडू, एक शेवंती, दोन झेंडू, एक शेवंती. मी शेजारी वह्या तपासत. तिची मान जराशी खाली गेली, हात चालूच. हळू हाक मारली, उत्तर नाही. सुई उचलते, फूल घेते, ओवते. मग नुसते झेंडू सुरू झाले. मोजले, सतरा. मग शेवंतीच्या काड्या, फुलाशिवाय. मग पदराचं टोकच ओवलं! तिथं दोरा अडला तशी जागी झाली.

दीड वीत हार झोपेत ओवलेला. सौ.ला म्हटलं, हा तुकडा मोडू नकोस, मला हवा. खिळ्याला टांगून ठेवलाय. गिऱ्हाइकाच्या गळ्यात घाला की, सौ. म्हणते.

विचारलं, काय पाहिलंस? अकोल्याच्या घरी पाहुण्यांना पाणी देत होती म्हणे. आणि कोणीतरी रडत होतं. रडणं म्हणजे आपली मोट, चाक करकरत होतं तेच. म्हणजे हात अमरावतीत, डोळे अकोल्यात आणि कान दोन्हीकडे. मग त्या वेळी यमू कुठं होती? हा प्रश्न दिवसभर डोक्यातून जात नाही.

२९ जाने. रवि.

तिची झोप तपासतो आणि माझी कधी पाहिली नाही. झोप लागते तो क्षण कसा असतो? रोज झोपतो, एकदाही पाहिलेला नाही.

युक्ती केली. दुपारी जेवणानंतर खाटेवर आडवा, हातात लोटा, खाली परात. झोप लागली की मूठ सुटणार, आवाजानं जाग येणार, आणि त्या घटकेला डोक्यात काय होतं ते लगेच लिहायचं. पहिल्या दोन खेपांना काहीच हाती लागलं नाही. तिसऱ्या खेपेला फळ्यावर वांग्याला सातानं भाग देत होतो. भाग बरोबर जात होता! बाकी शून्य. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेच नवल. जागेपणी जो मास्तर चूक सहन करत नाही, तो दोन मिनिटांत वांगी भागायला तयार.

चौथ्या खेपेला सौ.नं लोटा काढून घेतला. पोचा आलाय. "घरात एक झोपणारी होती, आता दोन झाले," म्हणाली. य.ला हसू आलं आणि ती दाराशी घसरली. मी जाऊन तिच्याजवळ बसलो. आता बसतो तेव्हा वेडंवाकडं बोलत नाही. आज काय बोलावं ते सुचेना म्हणून सातचा पाढा म्हटला.

५ फेब्रु. रवि.

य.नं आज आपण होऊन अकोल्याचं सांगितलं. हार ओवता ओवता.

मधले आठ महिने ती एकदाही पडली नव्हती. सासूचा नवस फळला असं घरात ठरलं, देवीला लुगडंही नेसवलं. खरं कारण तिला ठाऊक होतं. पडायला नको म्हणून तिनं हसणंच सोडलं होतं. कोणी हसायचं बोललं की उठून मोरीत जायची. मग जावा म्हणायला लागल्या, तोंड फुगवून असते, माजोरी आहे. "हासलं का फेफरं, नाई हासलं का माज," य. म्हणाली.

मग पुन्हा कशी पडलीस?

तिनं आणखी दोन फुलं ओवली. मग म्हणाली, "ते लय हासवतात ना." ते म्हणजे गणपतराव. फुलांचं दुकान. गिऱ्हाइकांच्या नकला करतात. घासाघीस करणारे बाप्पा, दोन वेण्यांत नाक खुपसून एकही न घेणारी बाई. दिवसभर दुकानात गंभीर, आणि घरी येऊन हिच्यासमोर नकला. आठ महिने हिनं ओठ चावून काढले. दिवाळीनंतर एका हळदीकुंकवाला त्यांनी दारातूनच वेणीवाल्या बाईचं नाक केलं, आणि भर बायकांत ही पडली.

म्हणजे त्या घरात हिला हसवणारा एकच माणूस, आणि ती पडते तीही त्याच्याचमुळे. याला काय म्हणावं कळत नाही. मला हसूही आलं, रडूही आलं.

"आणि तू पडलेली असताना ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते कवाच काई म्हणत नाई. सासू म्हणते, दुसरी करून घे. ते चूप राहतात." दोऱ्याला गाठ मारून उठून गेली.

११ फेब्रु. शनि.

य.ला घेऊन दवाखान्यात गेलो. मोठे डॉक्टर. मी माझी टिपणं वाचून दाखवली, झोपेतला हार कागदात गुंडाळून नेला होता तोही. डॉक्टरांनी हार दोनदा उलटापालटा केला. असा रोगी पुस्तकात वाचलाय, पाहिला पहिल्यांदा, म्हणाले. झोपेचाच प्रकार. स्नायू झोपतात, मन जागं राहतं. फेफरं नव्हे, वेड नव्हे, वाऱ्याबिऱ्याचा संबंध नाही. औषध असं खात्रीचं नाही. दुपारी थोडं निजू द्या, विहिरीवर आणि चुलीशी एकटं ठेवू नका. सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. 'पडल्या अवस्थेत रोगी पूर्ण शुद्धीवर असतो व सर्व ऐकतो.'

टांग्यात मी गाणंच म्हणायचा बाकी होतो. उद्याच अकोल्याला पाठवतो म्हटलं. य. म्हणाली, "नोको पाठवू."

"काहून?" माझ्याही तोंडून घरचीच बोली निघाली.

"त्यात लिवलं हाय ना, आयकते म्हणून. ते त्याईले सांगू नोको."

मी चिडलो. इथं संसार बुडायला आला आणि ही कागद दाबून ठेवा म्हणते! टांगेवाल्यासमोर बोललो, बोलायला नको होतं. उतरताना म्हणाली, "दादा, मले जे खरं कळलं ते पडूनच कळलं. तुह्यं बी. त्याईचं अजून कळलं नाई. कळू दे."

वचन घेतलं माझ्याकडून. दिलं.

१४ फेब्रु.

तीन दिवस कागद टेबलाच्या खणात. रोज काढून वाचतो. हाती लागलेलं उत्तर लपवायचं म्हणजे मला अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. पण ती म्हणते त्यात तथ्य आहे. कोण काय बोलतं ते ऐकायला मिळावं असं मलाही वाटेल. मिळालं तर सोसेल का, ते सांगता येत नाही.

२६ फेब्रु. रवि.

गणपतरावांचं कार्ड, या वेळी स्वतःच्या हातचं. येत्या रविवारी येतो. आईनं मूर्तिजापूरला मुलगी पाहायचं ठरवलं आहे, त्याआधी एकदा भेटून जातो. 'एकदा' या शब्दावर सौ. आणि मी तासभर वाद घातला. तिच्या मते चांगला, माझ्या मते वाईट. य.नं कार्ड वाचून उशाखाली ठेवलं.

५ मार्च, रवि.

जावई सकाळच्या गाडीनं बडनेऱ्यावरून आले. पंचविशीचे, बारीक, गोरेपान. आल्या आल्या मायच्या पाया पडले. कोणी कोणाकडे बघेना. जेवणं झाली. सौ.नं पाटवडीचा रस्सा केला होता, तो तिखट झाला, त्यावरच अर्धा तास बोलणं.

दुपारी सगळे अंगणात. माझ्या मनात एकच, वचन दिलंय, जीभ आवर. जावई पान लावत बसले होते. य. खांबाला टेकून, जमिनीकडे बघत. अचानक जावयांनी पान खाली ठेवलं आणि नाक पुढं करून हवेत दोन वेण्या हुंगल्या. "एवढ्यातच सुकल्या वाटते हो!" त्या बाईच्या आवाजात. य.नं ओठ चावला. त्यांनी पुन्हा हुंगलं. मला वाटलं ती उठून मोरीत जाईल. नाही गेली. हसली, मोकळी हसली, दात दिसले, आणि खांबावरून खाली सरकली.

माय कांद्याला धावली. मी तिला दारातच धरलं. सौ.नं खूण केली, मी मायला घेऊन आत गेलो. दारातून वळून पाहिलं तेव्हा जावई तिच्याशेजारी मांडी घालून बसले होते. तिचा हात त्यांच्या हातात, आणि वाकून काहीतरी बोलत होते. त्यांना वाटत होतं की ऐकणारं कोणी नाही. एक पाऊल टाकून सांगावं, अहो, सांभाळून बोला, ती जागी आहे, असं अगदी ओठांवर आलं. आणि एक पाऊल टाकून ऐकावं असंही वाटलं, खोटं कशाला लिहू. दोन्ही केलं नाही. आत येऊन माठातलं पाणी प्यायलो.

दोन मिनिटं. ती उठली, पदर सारखा केला. "च्या करू का?" म्हणाली. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. जाताना मला म्हणाले, "होळीच्या आत कळवतो." डोळे लाल होते.

६ मार्च

शाळेतून धावतच आलो. य. वांग्यांना पाणी देत होती. विचारायचं नाही असं वाटेत दहादा ठरवलं होतं, विचारलंच. "काय बोलले?"

"चांगलं बोलले."

"मग! मग तर झालं!"

"काय झालं?" तिनं पाटाचं बारं अडवलं, हात पुसले. "जे बोलले ते तुले नाई सांगन, माह्यं हाय ते. पण दादा, मले नाई बोलले ते. पडलेल्या बाईले बोलले. दोन वर्सं मी जागी होती तवा एक सबूद तसा नाई. सासूपुढं तं नाईच."

मी म्हटलं, लाजाळू असतात माणसं. डॉक्टरांचा कागद आता तरी पाठवू, आपोआप नेतील.

"कागदावर नेतीन तं नोको मले. कागद तुह्यापाशीच राहू दे." मग बारं पुन्हा सोडून, "मले दौत दे. मीच लिवतो त्याईले."

८ मार्च

दोन दिवस लिहितेय. चौथीपर्यंतचं अक्षर, त्यात झोप. तिसऱ्या ओळीवर डोळा लागला तर लेखणी कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली, अक्षरांचा नुसता दोरा. मी म्हटलं, कोऱ्या कागदावर उतरवून देतो. नको म्हणाली. "तशीच राहू दे. पाहू दे त्याईले."

मला वाचायला दिलं, शुद्धलेखनाला म्हणून. मी हात लावला नाही. लिहिलंय की मी पडते तेव्हा झोपत नाही. पहिल्यापासून सगळं ऐकत आले. आत्याबाई, म्हणजे सासू, काय म्हणायच्या ते, तुम्ही गप्प राहायचा ते, आणि रविवारी अंगणात जे म्हणालात तेही शब्द न् शब्द. ते मला आवडलं. आता मी जागी बसलेली असताना, आत्याबाईंच्या समोर, तेच एकदा म्हणून दाखवा. मग मी येते. नाही म्हणवलं तर मूर्तिजापूरची पाहा, माझा राग नाही. आणि मी आले तर हसणार, पडणार. जोडा हुंगवायचा नाही.

खाली सही, 'यमुना.' नुसतं नाव.

सौ.नं वाचलं, डोळ्याला पदर लावला. मला भीती वाटते. एवढं स्पष्ट लिहिल्यावर कोणता नवरा येईल? पण मी हे बोललो नाही. ती समोर जागी बसली होती.

९ मार्च

सकाळी शाळेत जाताना सायकल पोस्टाकडे वळवली. पाकिटावर पत्ता तिनंच लिहिलाय. पेटीत टाकण्याआधी थोडा वेळ हातात धरून उभा राहिलो. अजून परत नेता येत होतं, डॉक्टरांचा कागद पाठवता येत होता.

टाकलं. होळी दोन दिवसांवर. अकोल्याला उद्या पोचेल. संध्याकाळी घरी आलो तेव्हा य. आणि सौ. चुलीशी कशावरून तरी हसत होत्या, आणि य.ला भिंतीला टेकवून सौ.नं तिच्या मानेखाली आपला हात दिला होता.